टर्बो गाडीला प्लग-इन ट्यूनिंग बॉक्स: जास्तीचं पेट्रोल नेमकं देतो कोण?

मनीषनगरी

नमस्कार मंडळी. गाडी टायगुन १.० टीएसआय मॅन्युअल, कागदावर ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटर. रोजचं नागपुरात मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी, आणि मधूनमधून समृद्धीवरून संभाजीनगर. वॉरंटी लवकरच संपतेय, म्हणून डोक्यात किडा वळवळायला लागलाय.

सदरमधला एक दुकानदार प्लग-इन बॉक्स लावून देतो. म्हणतो, ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) हात लागत नाही, बॉनेट उघडून दोन सेन्सरचे कनेक्टर काढायचे, मध्ये बॉक्स जोडायचा, वीस-पंचवीस एचपी वाढलीच समजा. काढायचा तर दहा मिनिटांत निघतो.

पॉवर खरंच वाढते का, हा माझा प्रश्नच नाही. माझं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. त्या बॉक्सची एकही वायर इंजेक्टरपर्यंत जात नाही, फ्युएल पंपापर्यंतही जात नाही. टर्बोनं जास्त हवा कोंबली तर त्या हिशेबात पेट्रोलही वाढायला हवं. ते वाढवतो कोण? दुकानदाराला विचारलं तर "ऑटोमॅटिक ॲडजस्ट होते ना सर." गॅरेजचे नंबर नकोत, आधी हे समजून घ्यायचंय.

पारडीनाका

ऑटोमॅटिक ॲडजस्ट होते हे खोटं नाही भाऊ. फक्त कोण ॲडजस्ट करते ते त्यालेही माहीत नाही :)

बुटीबोरी_एक्सप्रेस

मी ऑनलाइन एक हिरवा डोंगल मागवला होता, स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये घुसवायचा. पाचशेच्या आतबाहेर किंमत. लिहिलं होतं की दीडशे किलोमीटरमध्ये तुमची ड्रायव्हिंग स्टाइल शिकून इंधन कमी-जास्त करतो. लाइट तर फार छान लुकलुकतो. धागाकर्ते याबद्दलच विचारताहेत का?

डायनोवाला

नाही हो, ती वेगळीच जात. त्या डोंगलांची लोकांनी अनेकदा चिरफाड केलीय. आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर, एलईडी आणि एक बटण. गाडीच्या कॅन बसशी (गाडीतले कंप्युटर ज्या वायरीवर एकमेकांशी बोलतात ती) बोलायला ट्रान्सीव्हर लागतो, तोच नसतो. जो गाडीशी बोलतच नाही तो इंधन काय बदलणार? देव्हाऱ्यात ठेवा, तिथे लाइट शोभून दिसेल.

धागाकर्त्यांचा प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय. संध्याकाळी सविस्तर लिहितो. पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करतो, घर नागपूरलाच.

हिंगणा_गॅरेज

साहेब येईपर्यंत डिझेलचं मी सांगून ठेवतो. तिथे गोष्ट सोपी आहे, नंतर पेट्रोलचं डोक्यात लवकर शिरेल.

कॉमन रेल डिझेलमध्ये ईसीयूच्या हातात दोन गोष्टी असतात: रेलमधलं (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते. जुने बॉक्स फक्त रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतात. भाजीवाल्याच्या तराजूला गिऱ्हाइकानं खालून हळूच बोट लावावं तसं. वजन कमी दिसते, भाजीवाला आणखी दोन वांगे टाकते. वांगे टाकणारा भाजीवालाच, गिऱ्हाइकानं टोपलीला हातही नाही लावला.

आता आकड्यात सांगतो. समजा सेन्सर ० बारला ०.५ व्होल्ट आणि २००० बारला ४.५ व्होल्ट देतो. ईसीयूला १६०० बार पाहिजे, म्हणजे त्याला ३.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. बॉक्स मधल्या मधे व्होल्टेज पाडतो. ईसीयूला वाटते प्रेशर कमी पडून राहिलं, तो पंपाकडून आणखी मागतो. शेवटी रेलमध्ये असतात १७६० बार, सेन्सर बिचारा खरे ४.०२ व्होल्ट देते, आणि बॉक्स पुढे ३.७ दाखवते. ईसीयू खूश. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडला, पण दाबानं जास्त डिझेल गेलं.

प्रेशर १० टक्के वाढलं म्हणून डिझेल १० टक्के वाढत नाही बरं का. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतो, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे जे लोक "पस्तीस टक्के पॉवर" सांगतात, त्यांनी नुसत्या रेल सेन्सरवर ते कसं केलं हे मला तरी नाही उमजत.

स्वस्त बॉक्समध्ये गंमत अशी असते की आत नुसता रेझिस्टर, वर इपॉक्सी ओतलेली. तो आयडलवर पण तेवढाच खोटं बोलते. आयडलला रेल प्रेशर ३०० बार असते, तिथे आणखी दीडशे चढवले तर इंजिन ट्रॅक्टरसारखं खडखडते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा बॉक्स उघडला तर रेझिस्टरखालची पाटी जळून कॉफीच्या रंगाची झाली होती. बॉनेटखालची गर्मी आणि आपला मे महिना, दुसरं काय होणार.

डिझेलभक्त

जुनी स्विफ्ट डीडीआयएस चालवतो, १.३ मल्टिजेट, ७५ पीएसवाली. माझ्याकडे असाच बॉक्स आहे. पिकअप जबरदस्त वाढला, पण उड्डाणपुलावर चढताना मागचा माणूस शिव्या देतो. काळा धूर.

हिंगणा_गॅरेज

धूर निघणारच. डिझेल वाढलं, हवा तेवढीच. पूर्ण न जळलेलं डिझेल म्हणजेच तो धूर. आणि एक्झॉस्टचं तापमान चढते ते वेगळंच. तुमची बीएस४ गाडी आहे म्हणून निभावते. २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असते. हा सगळा धूर तिथे काजळी होऊन बसते. ईसीयू काजळीचा हिशेब स्वतः दिलेल्या डिझेलवरून लावते आणि बॉक्सचं डिझेल त्या वहीत नसतेच. मग हिशेबापेक्षा फिल्टर लवकर भरते, रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) वारंवार होते, ऑइलमध्ये डिझेल उतरते.

डायनोवाला

आता पेट्रोल. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

डिझेलमध्ये इंधन वाढवलं की पॉवर वाढते, हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते. पेट्रोलमध्ये उलटं. आधी हवा वाढवायची आणि मग पेट्रोलनं त्या हवेशी ठरलेलं प्रमाण राखायचं. म्हणून पेट्रोलचा बॉक्स इंधनाच्या सेन्सरऐवजी हवेच्या प्रेशर सेन्सरवर बसतो.

तुमच्या गाडीसारख्या टर्बो पेट्रोलमध्ये असे सेन्सर साधारण दोन असतात. एक थ्रॉटलच्या आधी, टर्बोनं किती दाब तयार केला ते सांगणारा. दुसरा थ्रॉटलनंतर मॅनिफोल्डवर, दाब आणि तापमान दोन्ही सांगणारा. पहिल्यावरून ईसीयू वेस्टगेट चालवतो, म्हणजे टर्बोला किती फिरवायचं ते ठरवतो. दुसऱ्यावरून सिलिंडरमध्ये किती हवा गेली याचं गणित मांडतो, आणि त्यावरून किती पेट्रोल सोडायचं ते ठरतं.

समजा खरा दाब २.१ बार आहे, वातावरणाचा दाब धरून. बॉक्स सांगतो १.९. ईसीयूला १.९ च हवा होता, त्यामुळे तो वेस्टगेट तसंच ठेवतो आणि खरा दाब २.१ वर टिकतो. इथपर्यंत बॉक्सचं काम फत्ते. पण पेट्रोलचं गणितही १.९ वरच मांडलं गेलं. हवा २.१ ची, पेट्रोल १.९ चं. मिश्रण साडेनऊ टक्क्यांनी दुबळं. लॅम्डा, म्हणजे गरजेच्या तुलनेत हवा किती, १ ठेवायचा होता तिथे १.१० झाला.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ही तूट भरून काढतो एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर. त्याच्याशी बॉक्सनं काही छेडछाड केलेली नसते. तो ओरडतो, ऑक्सिजन उरतोय! ईसीयू शॉर्ट टर्म ट्रिम, म्हणजे पेट्रोलच्या हिशेबातली तात्पुरती टक्केवारी दुरुस्ती, वाढवत नेतो, +५, +८, +१०. इंजेक्टर तेवढा जास्त वेळ उघडा राहतो आणि मिश्रण जागेवर येतं. हेच पुन्हापुन्हा घडलं की ईसीयू तो फरक लॉन्ग टर्म ट्रिममध्ये लिहून ठेवतो. म्हणजे बॉक्सवाल्यानं जे बिघडवलं ते निस्तरण्याचं काम कंपनीच्या मूळ कॅलिब्रेशननं फुकटात केलं. "ऑटोमॅटिक ॲडजस्ट होते" ते हे.

यात तीन भानगडी आहेत.

लॅम्डा सेन्सर बसतो टर्बोनंतर. सिलिंडरमध्ये जे झालं ते त्याला थोड्या उशिरानंच कळतं. स्थिर वेगात काही बिघडत नाही. पण वर्धा रोडवर ट्रक ओलांडायला तुम्ही एकदम पाय दाबता, बूस्ट झटक्यात चढतो, आणि तेवढा वेळ मिश्रण दुबळं राहतं. नेमका हाच क्षण इंजिनवर सर्वात जास्त ताणाचा.

दुसरी भानगड, पूर्ण दाबलेल्या पेडलला ईसीयूला लॅम्डा १ नकोच असू शकतो. टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड ठेवायला तो मुद्दाम ०.९ च्या आसपास जाड मिश्रण मागतो. वाइडबँड (नेमकं प्रमाण मोजणाऱ्या) सेन्सरवाल्या गाड्यांत हे लक्ष्य गाठलं की नाही ते तपासता येतं. नॅरोबँडवाल्या (फक्त जाड की दुबळं एवढंच कळणाऱ्या) गाड्या पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा सेन्सरकडे बघतच नाहीत, टेबलवरून पेट्रोल सोडतात. अशा गाडीत बॉक्सची चूक सुधारणारं कोणीच जागेवर नसतं.

तिसरी गोष्ट बहुतेक चर्चांत सुटते. १.९ हा आकडा स्पार्क टायमिंगच्या टेबललाही जातो. ईसीयूला वाटतं लोड कमी आहे, म्हणून तो ठिणगी थोडी लवकर पाडतो. हवा जास्त, मिश्रण क्षणभर दुबळं, आणि ठिणगी लवकर. इंजिनमधले ठोके (नॉक) ऐकणारा नॉक सेन्सर मग ऐन वेळी टायमिंग मागे खेचतो. पेट्रोलची चूक सुधारायला लॅम्डा, टायमिंगची सुधारायला नॉक सेन्सर. दोघंही झालेलं ऐकून हलतात, आधीच नाही.

मनीषनगरी

डायनोवाला, दंडवत. एक शंका. बॉक्सनं फक्त पहिल्या सेन्सरला फसवलं आणि मॅनिफोल्डचा तसाच सोडला तर? मग हवेचं गणित खरं राहील, पेट्रोलही बरोबर पडेल.

डायनोवाला

उत्तम प्रश्न. पूर्ण थ्रॉटलला झडप सताड उघडी असते, त्यामुळे दोन्ही सेन्सरनी जवळजवळ सारखाच दाब दाखवायला हवा. ईसीयू ही पडताळणी सतत करतो. एक १.९ आणि दुसरा २.१ म्हणाला की एरर कोड, आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी पॉवरवर. म्हणून बॉक्सवाले दोन्ही सेन्सर फसवतात, आणि दोन कनेक्टर लागतात ते यासाठीच. चांगले बॉक्स दोन्हींना वेगवेगळ्या प्रमाणात हलवतात, पडताळणीत खपेल इतकाच फरक ठेवून, म्हणजे पेट्रोलच्या गणितातली तूट कमी होते. बॉक्सची खरी कारागिरी तिथे आहे. डब्यावर कार्बन फायबरचं स्टिकर असून नसून सारखंच.

नव्या गाड्यांत काही सेन्सर ०-५ व्होल्टऐवजी सेंट नावाच्या डिजिटल पद्धतीनं बोलतात. तिथे रेझिस्टरवाले जुगाड चालतच नाहीत.

सावजी_स्पेशल

वाचनखूण साठवली. पण माझ्याकडे ब्लूटूथ स्कॅनर आहे, मित्राच्या गाडीत बॉक्स लावण्याआधी आणि नंतर बूस्ट पाहिला. ॲपमध्ये दोन्ही वेळा सेम टू सेम! काहून? बॉक्स बोगस निघाला का?

पारडीनाका

अरे बावा, ॲप कोणाले विचारते? ईसीयूले. ईसीयूले जे खोटं सांगितलं तेच ॲप तुले सांगून राहिलं.

डायनोवाला

+१. ओबीडीवरून दिसतो तो ईसीयूचा समज. खरा बूस्ट पाहायचा तर पाइपला टी जोडून वेगळं गेज लावावं लागतं. डिझेलच्या रेल प्रेशरचंही तेच, १७६० असले तरी ॲप १६००च दाखवणार. पण ट्रिम खोटे बोलत नाहीत. मित्राच्या गाडीत बॉक्सआधी आणि नंतर लॉन्ग टर्म ट्रिम किती होता, ते टाका.

सावजी_स्पेशल

लॉग सापडला. तिसरा गिअर, पूर्ण पेडल, आउटर रिंग रोडचा मोकळा तुकडा. बॉक्सशिवाय लॉन्ग टर्म +७, शॉर्ट टर्म -१ ते +३. बॉक्स लावून काही दिवसांनी लॉन्ग टर्म +१४, आणि ४५०० आरपीएमच्या पुढे शॉर्ट टर्म +९ पर्यंत. इनटेक हवा ६१ अंश. गाडी २०१९ ची आहे.

डायनोवाला

बेरीज केलीत का? १४ आणि ९, म्हणजे २३. बऱ्याच गाड्यांत २५ च्या आसपास गेलं की ईसीयू हात टेकतो आणि पी०१७१ कोड टाकतो, मिश्रण दुबळं म्हणून. तुमचा मित्र काठावर उभा आहे.

आणि बॉक्स नसतानाच +७ होता, तो कुठून आला? बहुधा पंपावरून. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलं (ई२०) की हा आकडा साडेतेराच्या घरात येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला लिटरच्या हिशेबात पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. ई२० धरून कॅलिब्रेट केलेल्या गाडीत हे मूळ गणितातच असतं. जुन्या गाडीत लॅम्डा सेन्सर ते ट्रिममधून भरून काढतो. म्हणजे जो गल्ला बॉक्सनं वापरायचा तो ई२० नं आधीच पाव हिस्सा रिकामा केलाय.

अनु_धरमपेठ

ई२० चा विषय निघाला की आपल्या गावात जरा जपून बोलावं लागतं, त्याचे सर्वात मोठे पुरस्कर्ते इथलेच खासदार :) पण इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो ना? मग टर्बोला तर फायदाच.

डायनोवाला

वाढतो, हे खरं. बीएस६ च्या नियमात साध्या पेट्रोलला किमान ९१ होता, ई२० चा ९५ च्या घरात जातो. शिवाय इथेनॉल बाष्प होताना जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे डायरेक्ट इंजेक्शनमध्ये सिलिंडर थंडही राहतं. नॉकच्या बाबतीत ई२० बॉक्सवाल्यांच्या बाजूनं आहे. अडचण फक्त लिटरमध्ये आहे. पंप आणि इंजेक्टरला जास्त इंधन वाहून न्यावं लागतं.

ही वाहून नेण्याची मर्यादा कुठे येते? ६००० आरपीएमला एक स्ट्रोक ५ मिलिसेकंदांचा. डायरेक्ट इंजेक्शनला इनटेक स्ट्रोक आणि कॉम्प्रेशनच्या सुरुवातीचा थोडा वेळ, एवढ्यातच सगळं पेट्रोल सोडायचं असतं. पोर्ट इंजेक्शनवाल्याला, उदाहरणार्थ नेक्सॉनच्या १.२ रेव्होट्रॉनला, पूर्ण सायकलचे २० मिलिसेकंद मिळतात. डायरेक्टवाल्याला वेळ अपुरा पडला की प्रेशर वाढवणं एवढाच मार्ग, आणि ते देणारा हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो. तो दमला की रेल प्रेशर लक्ष्यापेक्षा खाली घसरतं. लॉगमध्ये मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर शेजारी शेजारी लावा. ५००० च्या पुढे दोन रेषा फाकल्या तर बॉक्सला तिथे देण्यासारखं काही उरलेलं नाही.

कोराडीरोड

सगळे घाबरवताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या एक्सयूव्ही३०० टर्बो पेट्रोलला, १३० पीएस आणि २३० न्यूटन-मीटरवाली, नामांकित कंपनीचा बॉक्स आहे. सर्वात सौम्य मॅपवर (सेटिंगवर) ठेवलाय. एकही कोड नाही, हायवेला मायलेजही तेवढंच. समृद्धीवर १२० ची मर्यादा, त्याच्या वर जायचंच नाही, मग इंजिनवर ताण तो किती? हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत), चांगला बॉक्स आणि डोकं ठिकाणावर असेल तर काही होत नाही.

डायनोवाला

यात चुकीचं काही नाही. सौम्य मॅपवर दाब ०.१ बारच्या आसपास वाढत असेल तर ट्रिम ते सहज पचवतात. १२० वर स्थिर चालताना बूस्ट जेमतेम असतो आणि चांगला बॉक्स त्या भागात हात घालतच नाही. ठरावीक दाबाच्या वर गेल्यावरच तो खोटं बोलायला लागतो. पीयूसीलाही म्हणूनच काही दिसत नाही, रिकाम्या इंजिनला रेस केल्यावर बूस्ट येतच नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे कॅनवर कान लावून बसणारे बॉक्स. बीएमडब्ल्यूच्या एन५४ इंजिनावर नावारूपाला आलेला अमेरिकन जेबी४ घ्या. तो आरपीएम, इनटेक तापमान, ट्रिम वाचतो, आणि गरज पडली तर लॅम्डा सेन्सरचा सिग्नलही किंचित हलवतो, म्हणजे ईसीयू आपणहून जास्त पेट्रोल ओततो. हवा वाढवायला एका सेन्सरशी खोटं, इंधन जुळवायला दुसऱ्याशी. त्यातही लॉग न बघता मॅप चढवला की हाल होतातच. पण निदान हवा गरम झाली की तो बूस्ट आपोआप कमी करतो.

आणि हा शेवटचा मुद्दा नागपूरला फार लागू आहे. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सहा टक्क्यांनी विरळ. ईसीयू ठरलेली हवा भरायला टर्बोला आधीच जास्त पळवतो. टीएसआयचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) मॅनिफोल्डमध्येच बसवलेला, पाण्यावर चालणारा. छोटा आणि चपळ, पण सिग्नलला उभं राहिलं की त्याचं पाणीही तापतं. वरचा लॉग बघा, इनटेक ६१ अंश. या तापमानाला ईसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे बॉक्सनं आणलेली पॉवर दुसऱ्या दारानं परत जाते. डिसेंबरच्या थंडीत पाहिलेला डायनोचा (पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा नवतप्यात विचारू नका.

पारडीनाका

म्हणजे बॉक्स दिवाळीले लावायचा आन अक्षय तृतीयेले काढून ठेवायचा. स्वेटरसोबत.

कामठीकर

माझी व्हर्टस १.५, सात स्पीड डीएसजी ऑटोमॅटिक. बॉक्सवाला २९० न्यूटन-मीटर म्हणतोय.

हिंगणा_गॅरेज

ह्या गाडीत ड्राय क्लच डीक्यू२०० गिअरबॉक्स आहे दादा. त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, आणि तुमचं इंजिन कंपनीतूनच २५० देते. जागा कुठे आहे?

डायनोवाला

शिवाय गिअरबॉक्सला टॉर्क किती येतोय हे ईसीयू सांगतो, आणि ईसीयू तो आकडा हवेच्या गणितावरून काढतो. तेच गणित आपण खोटं केलंय. गिअरबॉक्स २५० समजून क्लच दाबतो, येतात २९०. ईसीयू रीमॅप करणारे निदान टॉर्कचे टेबल सोबत बदलू शकतात. बॉक्सला ती सोय नाही.

वकील_सिव्हिल_लाइन्स

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं बदललेल्या १८२अ मध्ये मालकानं परवानगीबाहेर बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावर कोणी बॉनेट उघडून बॉक्स शोधत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण इंजिन गेलं किंवा मोठा अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेयर बॉनेट उघडतोच. विमा कंपनीला कळवलं नसेल तर दावा अडकण्याची तयारी ठेवा.

बुटीबोरी_एक्सप्रेस

सर्व्हिसिंगला जाताना काढून ठेवायचा ना. फ्लॅश काउंटर (ईसीयूत सॉफ्टवेअर किती वेळा टाकलं त्याची मोजणी) वाढत नाही म्हणतात.

डायनोवाला

फ्लॅश काउंटर वाढत नाही, बरोबर. पण ट्रिम लगेच विसरले जात नाहीत. बॉक्स काढल्या काढल्या गाडी शोरूमला नेली तर लॉन्ग टर्ममध्ये शिकलेला फरक तसाच दिसतो, आणि साठवलेल्या कोडसोबत त्या क्षणाची नोंदही असते. बघणाऱ्याला बघायचं असेल तर कळतं.

संपादक

दोन प्रतिसादांतले दुकानांचे नंबर उडवले आहेत. कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अनु_धरमपेठ

एलएसपीआय कोणी बोललंच नाही. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत १५०० ते २५०० आरपीएमला भरपूर बूस्ट असताना ठिणगीआधीच मिश्रण पेटणं. पिस्टनचा काठ तुटल्याचे फोटो पाहून माझी झोप उडाली होती.

डायनोवाला

बरं झालं आठवण केलीत. आपल्याकडे मायलेजच्या हौसेनं लोक पाचव्या गिअरमध्ये ४५ च्या वेगानं चालतात आणि तिथूनच पेडल दाबतात. बॉक्सचा सर्वात जास्त "पिकअप" पण १८०० च्या आसपासच जाणवतो, कारण बॉक्सवाल्यांना टेस्ट ड्राइव्हला तेच दाखवायचं असतं. हे एलएसपीआयला आवतण आहे. आणि हा नॉक नव्हे, त्यामुळे टायमिंग मागे घेऊन टळत नाही. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं वापरा, २०२० पासून या दर्जात एलएसपीआयची चाचणी आहे. आणि बॉक्स असो नसो, दाबायच्या आधी एक गिअर खाली.

मनीषनगरी

सगळ्यांचे आभार. शनिवारी सकाळी बॉक्सशिवायच लॉग घेतला, तिसरा गिअर, एसी बंद, आउटर रिंग रोड. लॉन्ग टर्म +३, शॉर्ट टर्म फार हलत नाही. मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर ५५०० पर्यंत हातात हात घालून. म्हणजे इंधनाला जागा आहे असं दिसतं. इनटेक सकाळी ४४, आणि परत येताना छत्रपती चौकाच्या सिग्नलनंतर ५८.

दुकानदाराकडे जाऊन विचारलं की बॉक्स दोन्ही सेन्सरना सारखंच हलवतो की वेगवेगळं, आणि इनटेक तापलं की बूस्ट कमी करतो का. तो म्हणाला, "सर, तुम्ही लोड नका घेऊ, फील घ्या." सध्या थांबतोय. पावसाळ्यानंतर कॅनवर चालणारा, सौम्य मॅपवाला काही मिळाला तर बघू, आणि तोही लॉग चालू ठेवून.

डायनोवाला

+३ म्हणजे तुमची गाडी ई२० मूळ गणितातच धरून चालतेय. लावलात तर एकच आकडा डोळ्यांसमोर ठेवा, लॉन्ग आणि शॉर्टची बेरीज. पूर्ण थ्रॉटलला १५ च्या पुढे गेली की मॅप एक पायरी खाली.

डिझेलभक्त

आणि माझ्या स्विफ्टचं काय? धूर आवडत नाही आता, मुलगी नाक दाबते.

हिंगणा_गॅरेज

बॉक्स उघडून बघा, आत रेझिस्टर असेल तर फेकून द्या. काढल्यावर मूळ कनेक्टर घट्ट बसवा, कुलूप टक् वाजलं पाहिजे, नाहीतर रेल सेन्सरचा कोड येऊन गाडी पुलावरच बंद पडेल. ईजीआर (एक्झॉस्ट परत इंजिनात नेणारी झडप) आणि इनटेक एकदा साफ करून घ्या, काजळीचा थर जमलेला असणार.

सावजी_स्पेशल

शेवटचं विचारतो. पेडल बॉक्स म्हणून जो मिळतो, ॲक्सिलरेटरच्या कनेक्टरवर लागणारा, त्यानं पण ट्रिम चढतात का?

डायनोवाला

नाही. तो फक्त पेडलचा सिग्नल फुगवतो. तुम्ही ३० टक्के दाबलं तर ईसीयूला ५० सांगतो. हवा, पेट्रोल, टायमिंग सगळं ईसीयू स्वतःच्या खऱ्या आकड्यांवरून ठरवतो, आणि पूर्ण दाबलेल्या पेडलला दोन्ही गाड्या सारख्याच पळतात. मित्राला तोच लावून द्या, आणि आधीचा बॉक्स काढायला सांगा, २३ वर आहे तो.